जुना स्क्रोल सॉ घेताना आधी चिमटे बघा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: १६ इंची जुना स्क्रोल सॉ (मोटरवर चालणारी, बारीक पात्याची नक्षीकामाची करवत) विकायला आहे आणि विकणारा म्हणतोय, "दोन-चार वेळाच वापरलाय." हातातल्या फ्रेट करवतीवर तुम्ही खेळणी आणि नावाच्या पाट्या कापल्या आहेत, आता लाकडातल्या जाळीकामाकडे वळायचंय. घ्यावा का, काय तपासावं, घेतल्यावर सुरुवात कुठून करावी, आणि आवाज किती होईल?

आधी त्या "दोन-चार वेळाच" बद्दल. जुन्या यंत्रांच्या बाजारात ही वाक्यं सर्रास ऐकू येतात आणि बऱ्याचदा ती खरीही असतात. पण मग मी विचारतो, का नाही वापरला? स्क्रोल सॉ पडून राहतो त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे त्यावर पातं बदलणं हा वैताग असतो. माणूस हौसेनं घेतो, तिसऱ्या भोकाला पातं चिमट्यातून, म्हणजे त्याचं टोक धरणाऱ्या पकडीतून, निसटतं, चौथ्याला स्क्रू फिरता फिरत नाही, आणि यंत्रावर चादर पडते. म्हणजे कोरं करकरीत दिसणारं यंत्र ही कधी कधी धोक्याची खूण असते. उलट टेबलावर ओरखडे, रंग उडालेला, पण चिमट्याचा स्क्रू दोन बोटांनी लोण्यासारखा फिरतोय असं यंत्र दिसलं, तर समजा त्यावर कुणीतरी मनापासून काम केलंय.

माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे. स्क्रोल सॉ म्हणजे एक बारीक पातं ताणून धरून वर-खाली हलवणारं यंत्र, बस. ताकद फार लागत नाही, त्यामुळे मोटर किती वॅटची हा प्रश्न इथे जवळजवळ गौण आहे. पातं कसं धरलं जातं, किती सरळ उभं राहतं आणि किती पटकन सोडता-लावता येतं, यावर सगळं काम अवलंबून आहे. जाळीतल्या प्रत्येक खिडकीसाठी पातं भोकातून ओवावं लागतं, म्हणून शंभर खिडक्या असतील तर वरचा चिमटा शंभर वेळा सोडायचा आणि शंभर वेळा आवळायचा. हिशोब तुम्हीच करा.

मी स्वतः यात फसलोय. पहिलं जुनं यंत्र घेतलं ते ओतीव लोखंडाचं जाडजूड टेबल बघून. घरी आणल्यावर कळलं की ते फक्त पिनवाली पाती घेतं. पात्यांचे दोन प्रकार असतात. दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली, आणि दोन्ही टोकं सपाट असलेली बिनपिनेची. लांबी दोन्हींची साधारण सारखीच, ५ इंच म्हणजे १२७ मिमी. पिनवालं पातं अडकवायला सोपं, पण ती पिन भोकातून आरपार जायला हवी, म्हणजे ५-६ मिमीचं भोक पाडावं लागतं. शिवाय पिनवाली पाती फार बारीक मिळत नाहीत. मोठ्या खेळण्याच्या पोटातली खिडकी कापायची असेल तर चालतं, पण जाळीतला तांदळाएवढा तुकडा काढायचा असेल तर भोकच तुकड्यापेक्षा मोठं होतं. बिनपिनेचं बारीक पातं १ मिमीच्या भोकातूनही जातं. माझं ते यंत्र वर्षभर लाकडी कोडी कापण्यापुरतंच राहिलं आणि शेवटी दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. अर्थात खरं सांगून.

म्हणून बघायला जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: बिनपिनेची पाती लागतात का? "दोन्ही लागतात" असं उत्तर आलं तरी पूर्ण खूश होऊ नका. काही यंत्रांना बिनपिनेच्या पात्यासाठी सुटे जोडचिमटे येतात. ते डबीतून हरवलेले असतात, किंवा प्रत्येक वेळी षटकोनी चावीनं आवळावे लागतात. शेपन्नास खिडक्यांची जाळी तसल्या चिमट्यावर कापून बघा, रविवार संपेल आणि जाळी अर्धीच राहील.

जाताना सोबत पाच नंबरची (साधारण १ मिमी रुंद) दोन-तीन नवी बिनपिनेची पाती, छोटा गुण्या, २० मिमी जाडीचा कठीण लाकडाचा तुकडा, ४० मिमीच्या आसपासचा मऊ लाकडाचा एक ठोकळा, टॉर्च आणि एक जाड कडेचं नाणं घ्या. विकणाऱ्याकडचं पातं वापरू नका. ते बोथट असलं तर सगळी परीक्षा चुकते आणि दोष यंत्राचा की पात्याचा हे कळत नाही.

पोचल्यावर प्लग काढलेला असताना सुरुवात करा. वरचा चिमटा सोडा आणि टॉर्चनं आत बघा. पातं जिथे दाबलं जातं तिथे पात्याच्या आकाराची खोल चर पडली असेल तर बारीक पातं त्या चरीत सैल बसून निसटणार. स्क्रूचे आटे बोटानं फिरवून बघा. मध्येच हलकं, मध्येच जड लागलं तर आटे मरायला आलेत. खालचा चिमटाही बघा, तो टेबलाखाली असतो म्हणून नव्वद टक्के गिऱ्हाइकं तिकडे वाकतच नाहीत (आकडा माझ्या मनाचा आहे, पण मी स्वतः पहिल्यांदा वाकलो नव्हतो). मग पातं लावा, ताण द्या, काढा. पाच वेळा करा. विकणारा घड्याळाकडे बघू लागला तरी करा. पाचव्या वेळेला पंधरा-वीस सेकंदांत जमत असेल तर यंत्र कामाचं. दर वेळी पक्कड शोधावी लागत असेल तर ते यंत्र पुढेही तसंच वागणार.

नवीन पात्यावर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळेही ते निसटतं. टोकं बारीक पॉलिश पेपरमधून ओढून घ्या आणि मग निकाल द्या. चिमट्याच्या आतल्या बाजूवरही तोच पेपर एकदा फिरवला की पकड सुधारते. विकणाऱ्याला "पातं निसटतंय" असं ऐकवण्याआधी एवढं करून बघणं न्यायाचं आहे. आणि न सांगता करून बघितलंत तर भाव करायलाही बरं!

आता हातांची, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या दांड्यांची तपासणी. पात्याचा ताण सोडा, वरच्या दांड्याचं टोक धरून वर-खाली हलवा. बेअरिंग किंवा बुश (सांध्यातली धातूची नळी) झिजले असतील तर हाताला 'टक टक' असा खेळ जाणवतो. मग डावी-उजवीकडे हलवा. लांब दांडा थोडा लवचीक असतो, ते चालतं. पण मुळाशी खडखडलं तर ते झिजणं आहे. काही जुन्या यंत्रांत बंद बेअरिंग नसून तेल पिणारे बुश असतात आणि वर्षानुवर्षं त्यांना कुणी तेल दाखवलेलं नसतं. थोडासा खेळ असेल तर अशा यंत्राला एका कुशीवर आडवं करून सांध्यावर हलकं मशीन ऑइल थेंबथेंब सोडायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कूस बदलून पुन्हा. आवाज निम्मा होतो. मात्र खड्डे पडलेला बुश तेलानं बरा होत नाही, आणि त्याचे सुटे भाग मिळतात का हे घेण्याआधीच शोधून ठेवा.

त्यानंतर पातं लावून ताण द्या, गुण्या टेबलावर पात्याशेजारी उभा करा आणि यंत्र हातानं सावकाश फिरवा. काही यंत्रांत त्यासाठी मोटरच्या टोकाला एक गोल मूठ असते. समोरून बघता पातं गुण्यापासून डावी-उजवीकडे सरकता कामा नये. अजिबात नाही. पुढे-मागे थोडं सरकणं मात्र बऱ्याच यंत्रांचा स्वभावच असतो, कारण दांडे एका सांध्याभोवती झुलतात आणि टोक किंचित कमानीत फिरतं. समांतर दांड्यांच्या यंत्रात हे कमी असतं. इंग्रजी सी अक्षरासारखा एकसंध दांडा असतो त्या जुन्या यंत्रांत जास्त असतं. ती सरळ रेषेत झपझप कापतात, पण बारीक वळणावर पात्याच्या पाठीमागे जास्त जागा खातात. जाळीकामासाठी मी समांतर दांड्यांचं किंवा समांतर जोडकड्यांचं (लांब दांडे स्थिर राहून पुढच्या छोट्या कड्याच झुलतात असं) यंत्र घेईन. जर्मन बनावटीचा हेग्नर पहिल्या प्रकारातला, एक्सकॅलिबर आणि डीवॉल्टचा डीडब्ल्यू ७८८ दुसऱ्यातले. हे जुने मिळाले तर नशीब समजा. एक्सकॅलिबरची गंमत अशी की तिरक्या कापासाठी त्याचं टेबल कलत नाही, वरचं डोकं कलतं, त्यामुळे लाकूड आडवंच राहतं.

आता प्लग लावा. पण पातं ताणलेलं असल्याशिवाय चालू करू नका. समांतर दांड्यांच्या यंत्रात पुढच्या बाजूला दोन्ही दांड्यांना जोडणारा दुवा म्हणजे ते पातंच. ते नसेल तर दांडे सुटे फडफडतात आणि मागच्या ताणाच्या सळीचं नुकसान होतं. विकणारा "बघा, चालतंय" म्हणून बिनपात्याचं सुरू करू लागला तर त्याचा हात धरा.

सगळ्यात कमी वेगावर सुरू करून हळूहळू वाढवत न्या. चांगल्या यंत्रांचा वेग साधारण मिनिटाला ४०० पासून १,६००-१,८०० फेऱ्यांपर्यंत बदलतो आणि प्रत्येक फेरीत पातं १८-१९ मिमीच्या आसपास वर-खाली होतं. खटका फिरवताना वेग सलग वाढायला हवा. मध्येच झटका बसला किंवा एका जागी मोटर मेली तर वेगाच्या खटक्यात धूळ गेली आहे किंवा तो झिजला आहे. हे दुरुस्त होतं. करपल्याचा वास आला, किंवा कमी वेगात मोटर थरथरून थांबत असेल, तर आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड असू शकतो, आणि जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळणं कठीण. एखाद्या ठरावीक वेगाला सगळं यंत्र गुणगुणायला लागतं आणि पुढे गेलं की शांत होतं, त्याला दोष समजू नका. नाणं टेबलावर कडेवर उभं करा. मध्यम वेगाला ते उभं राहिलं तर छान. पडलं तर लगेच नाक मुरडू नका, यंत्र डुगडुगत्या स्टुलावर ठेवलेलं आहे का ते आधी बघा.

यंत्र दुसऱ्या देशातून आलेलं असेल तर पाटी वाचा. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरनं जुळवता येतं, पण ६० हर्ट्झ आणि ५० हर्ट्झ यांतला फरक ट्रान्सफॉर्मर बदलत नाही. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर ५० वर लावली तर सहापैकी पाच भागांच्या वेगानं चालते आणि गरमही होते. कार्बन ब्रशवाल्या मोटरीला मात्र त्याचं सोयरसुतक नसतं. ब्रशवाली असेल तर दोन टोप्या उघडून ब्रश किती उरलेत ते बघा. ते स्वस्त असतात आणि कुठेही मिळतात.

शेवटी कापून बघा. २० मिमीच्या कठीण तुकड्यातून सरळ आणि मग एक गोल. त्यानंतर माझी आवडती चाचणी. ४० मिमीचा ठोकळा पात्यापुढे धरून फक्त दोन-तीन मिमी खोल खाच पाडा. यंत्र बंद करा, ठोकळा फिरवून पात्याच्या मागून आणा आणि खाच पात्यावर सरकवा. पातं वरपासून खालपर्यंत अलगद खाचेत गेलं तर टेबल आणि पातं काटकोनात आहेत. नाही गेलं तर टेबलाचा कोन सरळ करा आणि पुन्हा बघा. टेबलाखालच्या अंशाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, ती बहुतेक यंत्रांत शोभेची असते. कोन जुळवूनही पातं वरच्या आणि खालच्या चिमट्यांत एका रेषेत येत नसेल तर चिमटे सरकवून किंवा पातळ वॉशर टाकून बघता येतं. ती सोय नसेल तर मी यंत्र सोडून देईन.

टेबलावरचा गंज, भुसा फुंकणारा फाटलेला हवेचा भाता, लाकूड दाबून धरणारी तुटलेली दाबपट्टी, टेबलाच्या भोकात बसणारी हरवलेली मधली चकती, या चार गोष्टींवरून यंत्र नाकारू नका, फक्त भाव पाडा. हवेचा रबरी भाता तडकलेला असतोच. त्याऐवजी मत्स्यपेटीचा छोटा पंप आणि एक नळी लावली की रेषेवरचा भुसा उडून जातो, तोही यंत्र हळू चालत असताना जोर कमी न होता. मधल्या चकतीऐवजी खेळायचा जुना पत्ता किंवा पातळ प्लाय चिकटवून त्यात पात्याएवढंच भोक ठेवलं तर बारीक तुकडे खाली पडत नाहीत, खालची कडही फाटत नाही. गंज ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं काढा, पुसून घ्या आणि वर मेण घासा. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. मी एकदा मारला होता, टेबल काचेसारखं गुळगुळीत झालं, आणि नंतर त्यावर कापलेल्या पाटीच्या पॉलिशवर माशाच्या डोळ्यांसारखे गोल ठिपके उठले. सगळं पॉलिश खरवडून काढावं लागलं.

१६ इंच या आकड्याबद्दल एक गैरसमज असतो. पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची ती मोकळी जागा आहे. १६ इंचांपेक्षा मोठी फळी कापताच येत नाही असं नाही. फळी फिरवता येत असेल तर एका बाजूनं अर्धी, दुसऱ्या बाजूनं अर्धी अशी बरीच मोठी फळीही निघते. नावाच्या पाट्या, खेळणी, मध्यम जाळ्या यांना १६ इंच पुरतात. २० मिळालं आणि ठेवायला जागा असली तर घ्या. पण २० इंची वाईट चिमटेवाल्यापेक्षा १६ इंची चांगल्या चिमट्याचं कधीही बरं.

आता वापर. तुम्ही हातकरवतीवर काम केलंय म्हणून एक सवय मुद्दाम मोडावी लागेल. तिथे लाकूड स्थिर असतं आणि हात चालतो. इथे पातं एका जागी आहे, लाकूड फिरतं. पहिले काही दिवस तुमचा हात पात्याला वळवायला बघेल, म्हणजे लाकूड बाजूला दाबेल, पातं वाकेल आणि कड तिरपी येईल. वरची कड रेषेवर आणि खालची बाहेर, असं दिसलं की समजा तुम्ही ढकलताय. लाकूड दात्यांच्या दिशेनं सरळ सोडायचं आणि फक्त फिरवायचं.

दुसरा धक्का म्हणजे पातं सरळ रेषेत जात नाही. नेहमीच्या पात्यांच्या दात्यांच्या एका बाजूला बारीक कुसळ राहतं. त्या बाजूनं ते जास्त खातं आणि वाट सोडून सरकतं. नवशिक्याला वाटतं यंत्र बिघडलं. यंत्र ठीक असतं, लाकूड तीन-पाच अंश तिरकं धरून ढकलायचं आणि ते अंग सांभाळायचं. तासाभरात हाताला सवय होते. दाते घासून धार दिलेल्या पात्यांत हे कमी असतं, पण ती महाग असतात, शिकताना नकोत.

पात्याचे नंबर २/०, १, ३, ५, ७, ९, १२ असे चढत जातात. नंबर मोठा तसं पातं रुंद. पाच नंबर साधारण १ मिमी रुंद आणि ०.४ मिमी जाड असतं आणि १८-२० मिमीच्या लाकडाला पुरतं. तुमचं निम्मं काम त्यावरच होईल. ६ मिमीच्या प्लायमधल्या जाळीला एक किंवा तीन नंबर घ्या, ४० मिमीच्या खेळण्याला नऊ. बारीक पातं जाड लाकडात घातलंत तर ते तापतं, वाकतं आणि तुटतं. उलटे दाते असलेली पाती घ्या: खालचे काही दाते वरच्या दिशेला असतात आणि ते प्लायच्या खालच्या बाजूची फाटलेली झालर कापून टाकतात. पण पातं सर्वांत वर असताना दोन-तीन उलटे दाते टेबलाच्या वर दिसले पाहिजेत, नाहीतर त्यांचा उपयोग शून्य. तसं दिसत नसेल तर पातं खालच्या चिमट्यात थोडं वर धरून बसवा. आणि बाकीचे दाते खाली आणि तुमच्याकडे असावेत. पातं उलटं लागलं तर लाकूड उसळतं आणि बोटं टेबलावर आपटतात. खात्री नसेल तर पात्यावरून बोट हलकेच वर न्या. अडखळलं तर बरोबर.

ताण किती? बोटानं बाजूनं दाबल्यावर पातं ३ मिमीपेक्षा जास्त हलायला नको, आणि तारेसारखं छेडलं की स्वच्छ टणत्कार यावा. धप्प असा बसका आवाज आला तर अजून ताणा. ताण कमी पडला तर कड गोलसर येते. पाती मात्र ताणानं कमी आणि घाईनं जास्त तुटतात. पातं बोथट झालं की माणूस नकळत जोरात ढकलतो आणि मग ते तुटतं. जाड कठीण लाकडात पंधरा-वीस मिनिटांत पातं संपलं तर आश्चर्य नाही. ते संपल्याची पहिली खूण म्हणजे तुमचे खांदे वर चढलेले असतात.

नक्षीचा कागद थेट लाकडावर डकवू नका. आधी लाकडावर मास्किंग टेप, त्यावर स्प्रेच्या गोंदानं कागद. काम झालं की सगळं एकत्र सोलून निघतं. शिसवीसारखं करपणारं लाकूड असेल तर कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेप लावा, त्यानं जळणं खरोखर कमी होतं. भोकं सगळी आधी पाडून घ्या, खालच्या बाजूची कुसळं घासून काढा, नाहीतर लाकूड टेबलावर अडखळतं. कापायला मधल्या बारीक खिडक्यांपासून सुरुवात, मग मोठ्या, आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी, म्हणजे धरायला फळी मजबूत राहते. एकाच नक्षीच्या चार पाट्या हव्या असतील तर पातळ प्लायचे चार तुकडे टेपनं बांधून एकदम कापा. जाडी वाढल्यावर लाकूड पुढे सरकण्याचा वेग ताब्यात राहतो.

टोकदार कोपऱ्यात थांबू नका. टोकापर्यंत जायचं, ढकलणं सोडायचं, लाकूड किंचित मागे घेऊन पात्याच्या पाठीवर टेकवायचं आणि जागच्या जागी गर्रकन फिरवायचं. पाठीला दाते नाहीत, तिथे टेकलं तर काही कापलं जात नाही. हे एकदा जमलं की हृदयाचं टोक, पानाचं टोक सगळं जमतं. सरावाला एका टाकाऊ प्लायवर सरळ रेषा, नागमोडी, गोगलगाईसारखा आत जाणारा गोल आणि करवतीच्या दात्यांसारखी रेषा काढा. पहिल्या दिवशी एवढंच, नक्षी दुसऱ्या दिवशी.

लाकूड दाबून धरणारी पट्टी मी काढून ठेवली आहे, कारण ती दिसण्याच्या आड येते. तुम्ही पहिला महिना लावा, लाकूड उसळलं तर तीच वाचवते. बोटं पात्याच्या समोर सरळ रेषेत ठेवू नका. हे यंत्र इतर करवतींच्या मानानं मवाळ आहे, पण तुटलेलं पातं डोळ्याकडे उडू शकतं म्हणून संरक्षक चष्मा हवाच. भुसा फार बारीक असतो, तो नाकातोंडात जातो, विशेषतः एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा). चांगला मास्क लावा. पायानं दाबायचा स्विच मिळाला तर घ्या, दोन्ही हात लाकडावर राहतात.

बसण्याची सोय लोक विसरतात. टेबल कोपराच्या उंचीच्या आसपास असावं आणि यंत्राचे मागचे पाय लाकडी ठोकळ्यांनी उचलून टेबल पुढे पंधरा-वीस अंश कलतं करा. मान वाकवावी लागत नाही, दोन तास बसवतं. ठोकळे स्टँडला पक्के बोल्ट केलेले असावेत.

आवाजाचं विचारलंत. मोटरचा आवाज मिक्सरपेक्षा कितीतरी कमी असतो, त्रास होतो तो थरथरीचा, कारण ती जमिनीतून जाते. स्टँडच्या पायाखाली जाड रबर, स्टँडवर वाळूची पिशवी, आणि यंत्राचे चारही बोल्ट आवळलेले, एवढ्यानं खालच्या मजल्यावर ऐकू येणं बरंच कमी होतं. दर महिन्याला ते बोल्ट पुन्हा आवळा. ते आपोआप सैल होतात आणि आवाज वाढला की आपण उगाच बेअरिंगला दोष देत बसतो.